करार संपल्यावर माणूस कुठे जातो?

(वाघोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाची नोकरी गेली, तर त्याला त्या देशात किती दिवस राहता येतं, आणि दुसऱ्या मालकाकडे जाता येतं का? तुम्ही म्हणाल, हा वकिलाचा विषय झाला, इतिहासाच्या माणसाचं यात काय काम? पण हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याच्या सोडवणुकीत आपल्या पुण्याच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. म्हणून मी तो घेतला.

दुसरं कारण वाघोलीचंच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाघोली म्हटलं की वाघेश्वराचं देऊळ, पिलाजीराव जाधवरावांची समाधी आणि दगडाच्या खाणी आठवायच्या. आता नगर रस्त्याची वाहतूक आणि सोसायट्या आठवतात. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं. खराडीच्या आयटी पार्कात काम करणारी कितीतरी कुटुंबं इथे राहतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांचं कोणी ना कोणी बाहेर आहे. कोणी अमेरिकेत, कोणी दुबईत, कोणी सिंगापुरात. २०२२-२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली तेव्हा अशा घरांमध्ये एक आकडा सगळ्यांना पाठ झाला होता. साठ. साठ दिवस. ज्यांना एच-वन-बी म्हणजे काय हे धड सांगता येत नव्हतं, त्या आजीसुद्धा विचारत होत्या, 'अजून किती राहिले?'

हे साठ दिवस आले कुठून? साठच का? नव्वद का नाहीत, आणि मुळात शून्य का नाहीत? यासाठी आपल्याला जरा लांबून यावं लागेल. आधी मॉरिशस, मग दक्षिण आफ्रिका, मग आखात, मग अमेरिका, आणि शेवटी पुन्हा वाघोली. वाटेत प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारायचे. नोकरी सुटल्यावर राहायला दिवस किती? दुसरीकडे जायला परवानगी कोणाची? आणि परत जायचं तर भाडं कोणाचं? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, बाकी सगळं आपोआप जागेवर बसेल.

मॉरिशसपासून सुरुवात करू.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली. मॉरिशसमध्ये तो दिवस १ फेब्रुवारी १८३५. उसाच्या मळेवाल्यांना माणसं हवी होती. त्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला १८३४ पासूनच सुरुवात केली होती. करार म्हणजे अ‍ॅग्रिमेंट, त्याचं झालं गिरमिट. आपल्याकडे गिरमीट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, आणि हे गिरमिटही तसंच फिरत फिरत आत जाणारं होतं. पहिल्या काळात साधारण पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार, वर धान्य आणि कपडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, पण मुंबई बंदरातूनही गेली. त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती या लोकांमुळे.

गिरमिटाच्या हालअपेष्टांबद्दल आपण बरंच ऐकलेलं असतं. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला तिकडे 'डबल कट' म्हणत. पण मला आज करार चालू असतानाचं बोलायचं नाही. करार संपल्यानंतरचं बोलायचं आहे.

पाच वर्षं भरली. माणूस मोकळा झाला. कायद्याच्या भाषेत आता तो 'ओल्ड इमिग्रंट', म्हणजे जुना प्रवासी. आता त्याने काय करावं? परत जावं? परतीचा फुकट प्रवास सुरुवातीला होता, पण १८५० च्या दशकात तो बंद झाला. मग तिथेच राहावं. थोडी भाजी पिकवावी, गाय ठेवावी, फेरीवर माल विकावा. अनेकांनी तेच केलं. आणि मळेवाल्यांना नेमकं तेच नको होतं. मोकळा माणूस दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले तर जातो. किंवा कोणाकडेच जात नाही, स्वतःचं काहीतरी करतो. मग मजुरी वाढवावी लागते.

म्हणून कायदे आले. त्यातला सगळ्यांत कडक १८६७ चा. जुन्या प्रवाशाने स्वतःजवळ तिकीट बाळगायचं, त्यावर त्याचा फोटो. त्याशिवाय पोलिसांचा पास, त्यात राहण्याचा जिल्हा लिहिलेला. मालक नसेल आणि स्वतःच्या धंद्याचा कागद नसेल, तर तो भटक्या, 'व्हॅग्रंट'. त्याला पकडून तुरुंगात किंवा व्हॅग्रंट डेपोत टाकायचं. सबंध बेटावर अशा धरपकडी झाल्या. एखादा माणूस वर्षानुवर्षं त्या गावात राहतोय, शेजारी त्याला ओळखतात, पण कागद घरी राहिला म्हणून तो गुन्हेगार. कागद हरवला तर नवा काढायला पुन्हा पैसे.

आता आपले तीन प्रश्न विचारा. दिवस किती? मालक नसेल तर जवळजवळ शून्य. परवानगी कोणाची? पोलिसांची. भाडं कोणाचं? तुझं तू बघ.

यातून सगळ्यांत सोपी वाट कुठली? जुन्याच मळ्यावर पुन्हा अंगठा उठवायचा. पकडलं जाऊ नये म्हणून माणूस परत करार करतो. म्हणजे कायद्यात कुठेही 'पुन्हा करार करा' अशी सक्ती नाही, पण न करणं इतकं महाग करून ठेवलं की माणूस आपल्या पायांनी चालत मळ्यावर जातो. मंडळी, ही युक्ती नीट पाहून ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

याविरुद्ध तक्रार कोणी केली? या मजुरांनीच. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने त्यांना मदत केली. १८७१ च्या जूनमध्ये ९,४०१ जुन्या प्रवाशांच्या नावांचा अर्ज त्याने गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे दिला. ज्या माणसांना भर रस्त्यात पकडत होते, त्यांनी नावानिशी अर्ज करायचा, याला किती धैर्य लागलं असेल बघा. मळेवाले इतके चिडले की द प्लेवित्झवर हल्ला झाला. पण लंडनहून रॉयल कमिशन आलं. त्यातले एक सदस्य डब्ल्यू. ई. फ्रीअर हे मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले. १८७५ साली कमिशनचा अहवाल आला, त्यात या धरपकडीवर सविस्तर टीका होती, आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. जुलूम एका दिवसात संपला असं नाही, पण मोकळ्या माणसाला नुसतं मालक नाही म्हणून गुन्हेगार ठरवणं अवघड झालं.

एक गंमत सांगतो. गंमत म्हणावी की नाही ठाऊक नाही. पाळत ठेवण्यासाठी काढलेले फोटो आणि नोंदवह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. मॉरिशसमधली नातवंडं-पतवंडं त्या वह्यांत आपलं मूळ गाव शोधतात. ज्या कागदाने पणजोबाला अडवलं, त्याच कागदावर आज त्याचा चेहरा पाहायला मिळतो.

आता नाताळ. म्हणजे सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेतली नाताळ वसाहत. नाव मात्र सणावरूनच पडलं म्हणतात.

इथे पहिलं जहाज 'ट्रूरो'. मद्रासहून निघालं आणि १६ नोव्हेंबर १८६० ला डर्बनला लागलं. १९११ पर्यंत सुमारे दीड लाख माणसं गेली. त्यांत तमिळ, तेलुगू आणि बिहार-उत्तर प्रदेशकडची जास्त, मराठी थोडी. मग मी इथे का थांबतोय? पुण्यासाठी.

नाताळचा सुरुवातीचा कायदा मॉरिशसपेक्षा बरा होता. दहा वर्षं राहिलात तर परतीचं भाडं मिळेल, किंवा त्याऐवजी जमीन मागता येईल. जमिनीची ती तरतूद १८९१ मध्ये काढून टाकली. १८९३ मध्ये नाताळला स्वतःचं जबाबदार सरकार मिळालं, म्हणजे गोऱ्या वसाहतवाल्यांचं. त्यांना हिंदी मजूर हवा होता, हिंदी शेजारी नको होता. त्यांनी करार संपलेल्या माणसावर वर्षाला २५ पौंडांचा कर सुचवला. हिंदुस्थान सरकार तीन पौंडांना तयार झालं. हा १८९५ चा कायदा. करार संपला की तीन वाटा. हिंदुस्थानात परत जा, भाडं आम्ही देतो. पुन्हा करार कर. नाहीतर दर वर्षी तीन पौंड भर आणि परवाना घे.

तीन पौंड म्हणजे किती? हिशेब करू. पहिल्या वर्षी पुरुषाला महिन्याला १० शिलिंग, दर वर्षी एक शिलिंग वाढ, पाचव्या वर्षी १४. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, म्हणजे पहिल्या वर्षाचा सहा महिन्यांचा पगार. हा एका माणसाचा कर. बायकोचा वेगळा. १९०३ पासून सोळा वर्षांवरच्या मुलाचा आणि तेरा वर्षांवरच्या मुलीचाही. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी, मिळून १२ पौंड. आणि करारावरच्या पुरुषाची पाचव्या वर्षाची सगळी कमाई होते ८ पौंड ८ शिलिंग.

म्हणजे मॉरिशसमध्ये पोलीस जे करत होता, ते नाताळमध्ये तिजोरी करू लागली. इथेही सक्ती कुठेच नाही. फक्त मोकळं राहणं परवडणार नाही अशी व्यवस्था.

इथे आपले गोपाळ कृष्ण गोखले येतात. फर्ग्युसनचे प्राध्यापक, १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करणारे, केंद्रीय विधिमंडळाचे सभासद. २५ फेब्रुवारी १९१० ला त्यांनी कलकत्त्याला ठराव मांडला की नाताळसाठी मजूर भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. सरकारने तो मान्य केला, आणि १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती थांबली. पुढे ४ मार्च १९१२ ला त्यांनी गिरमिट पद्धतच सगळीकडे बंद करा असा ठराव आणला. तो सरकारी मतांनी पडला. पण त्या भाषणासाठी त्यांनी जी तयारी केली, ती बघण्यासारखी आहे. भावनेपेक्षा आकडे, कायद्याची कलमं, आत्महत्यांचं प्रमाण. मळेवाल्यांच्या आणि सरकारच्याच कागदांतून त्यांनी त्यांच्याविरुद्ध बाजू उभी केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. मधुमेहाने तब्येत पोखरलेली. गांधीजी महिनाभर त्यांच्याबरोबर फिरले. १४ नोव्हेंबरला प्रिटोरियाला त्यांची बोथा, स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी भेट झाली. तीन पौंडांचा कर जाणार, अशी खात्री घेऊन गोखले बाहेर आले. गांधीजींना ती खात्री वाटत नव्हती, आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षी सरकारने असं वचन दिल्याचं नाकारलं.

मग १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतून संप सुरू झाला, तो उसाच्या मळ्यांपर्यंत पसरला. ६ नोव्हेंबरला दोन हजारांवर माणसं, बायका-मुलांसह, ट्रान्सवालच्या हद्दीत चालत गेली. गोखले इकडे आजारपणात निधी गोळा करत होते, तारा पाठवत होते, लोकमत तापवत होते. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात उघड सहानुभूती दाखवली. १९१४ मध्ये इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट झाला आणि तीन पौंडांचा कर गेला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात वारले. गिरमिटावर मजूर पाठवणं १९१७ मध्ये थांबलं, ते पाहायला ते नव्हते.

एवढा मोठा लढा कशासाठी झाला, हे आपण विसरतो. संपावर गेलेल्या अनेकांचे करार अजून चालू होते. कर त्यांना आज भरायचा नव्हता. पण करार संपल्यावर आपलं काय होणार, हे त्यांना दिसत होतं. आणि ते दिसत असल्यामुळे आजही मुकादमापुढे मान वर करता येत नव्हती. मला आज जे सांगायचं आहे ते हेच. नोकरी सुटल्यानंतर किती दिवस राहता येईल यावर नोकरीत असताना माणूस किती ताठ उभा राहील हे ठरतं. मालकालाही ते माहीत असतं.

आता आखाताकडे येऊ. मधे पन्नास-साठ वर्षांची उडी आहे, पण दुवा तुटलेला नाही. गिरमिट बंद झाल्यावर १९२२ चा परदेशगमन कायदा आला, त्याच्या जागी १९८३ चा. करारावर जाणाऱ्या मजुराचे कागद तपासणारा 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हा अधिकारी गिरमिटाच्या काळातला आहे. ते पद आजही आहे, मुंबईतही त्याचं कार्यालय आहे. दहावी न झालेला कोकणातला मुलगा आखातात निघाला की आजही त्याला त्या मंजुरीतून जावं लागतं.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन, रत्नागिरी या भागांतून माणसं कुवेत, दुबई, सौदी, बहरीनला जाऊ लागली. त्याआधीही संबंध होतेच, १९६६ पर्यंत तिकडे काही ठिकाणी आपला रुपया चालायचा. पण आता हजारोंनी जाऊ लागली. तिथे व्यवस्था होती कफालाची. प्रत्येक परदेशी कामगाराचा एक कफील, म्हणजे जामीनदार. सहसा तोच मालक. राहण्याचा परवाना, ज्याला सौदीत इकामा म्हणतात, तो त्याच्या नावावर. नोकरी सोडायची तर त्याचं ना हरकत पत्र हवं. सौदीसारख्या देशांत देश सोडायलाही त्याची सही हवी. पासपोर्ट बहुधा त्याच्याच कपाटात.

आणि त्याला न विचारता काम सोडलं तर? मालकाने पळून गेल्याची नोंद करायची. सौदीत तिला 'हुरूब' म्हणतात. ती नोंद झाली की माणूस बेकायदा. मॉरिशसचा 'व्हॅग्रंट' आठवतो का? शब्द अरबी झाला, माणूस तोच. अडकलेला पगार मागायला जाणाऱ्याला मालक काय सांगणार? 'हुरूब लावीन.' एवढं पुरतं. कितीतरी माणसं चार-चार महिने पगाराशिवाय राबली, कारण नोकरी सोडली तर देश सोडावा लागतो, आणि घरी तर एजंटला दिलेलं कर्ज बाकी.

१९९० साली कुवेतमध्ये तर एका रात्रीत देशच हातातून गेला. इराक घुसला, नोकरी आणि राहण्याचा आधार दोन्ही गेले. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. ती युद्धाची गोष्ट होती, पण परत आलेल्यांपैकी अनेकांची तिथली वर्षांची कमाई, थकलेला पगार, सामान, सगळं मागे राहिलं. वीस वर्षं राहूनही तिथे त्यांचं नाव फक्त मालकाच्या कागदाला चिकटलेलं होतं.

अलीकडे यात बदल झाले, तेही सांगायला हवेत. बहरीनने २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलू दिली, आणि दोन वर्षांत पहिल्या मालकाकडे एक वर्ष पूर्ण करण्याची अट घातली. कतारने २०२० मध्ये ना हरकत पत्राची अट काढली. सौदीने मार्च २०२१ पासून वर्ष झाल्यावर बदलाची मुभा दिली, पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर यांना त्यातून वगळलं. म्हणजे सगळ्यांत एकट्या माणसाला सगळ्यांत शेवटी. संयुक्त अरब अमिरातीत परवाना रद्द झाल्यावर पूर्वी साधारण तीस दिवस मिळत, आता व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे ते सहा महिन्यांपर्यंत जातात. कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा हक्क यांत अंतर असतं, हे मान्य. पण मागायला काहीतरी कागद असणं आणि काहीच नसणं यातही अंतर असतं.

आता अमेरिका. तुम्ही म्हणाल, उसाचा मजूर कुठे आणि दीड लाख डॉलर पगार घेणारा इंजिनिअर कुठे! बरोबर आहे. मीही दोघांची दुःखं एका तराजूत घालणार नाही. त्याला कोणी कोरड्याने मारत नाही. पण तीन प्रश्न विचारायला हरकत काय?

एच-वन-बी हा प्रकार १९९० च्या कायद्याने सुरू झाला. व्हिसा कंपनीच्या अर्जावर. वायटूकेच्या काळात पुण्याहून पुष्कळ मुलं गेली. तेव्हा नोकरी गेली की कायद्याने त्याच दिवशी तुमचा दर्जा संपायचा. दिवस किती? शून्य. २००१ मध्ये डॉट-कॉमच्या पडझडीत अनेकांनी गाड्या, सामान टाकून परतीचं विमान पकडलं.

मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २००० मध्ये, एक महत्त्वाचा बदल झाला होता. त्याआधी नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत तिथे काम सुरू करता येत नसे. आता नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येऊ लागलं. जुन्या मालकाची परवानगी लागत नाही. हा मोठा फरक आहे. आखाती कामगाराला जे २०२० च्या आसपास मिळालं, ते इथे वीस वर्षं आधी मिळालं.

आणि साठ दिवस? तो नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. नोकरी संपल्यावर साठ दिवस, किंवा परवान्याची तारीख आधी येत असेल तर तेवढेच. म्हणजे आपल्या आज्या जे बोटांवर मोजत होत्या, ते त्यांच्या नातवाच्या जन्मानंतर आलेलं आहे! मोजणी सहसा शेवटच्या पगाराच्या दिवसापासून होते, निरोपाच्या ई-मेलपासून नव्हे. त्या दिवसांत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा, किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करायला हवा, नाहीतर निघायला हवं.

तिसरा प्रश्न, भाडं. अनेकांना माहीत नसतं, पण मुदत संपायच्या आत कंपनीने काढून टाकलं तर त्या कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असा तिथला नियम आहे. त्याचा एकट्याचा. बायको-मुलांचा नाही. गिरमिटाच्या करारातलं परतीचं भाडं आठवलं ना?

मग अडचण कुठे आहे? ती ग्रीन कार्डाच्या रांगेत. एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त जागा नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. पंधरा वर्षं तिथे राहिलेला, घर घेतलेला, मुलं तिथल्या शाळेत, असा माणूस कायद्याच्या नजरेत अजून तात्पुरता. पंधरा वर्षांच्या संसाराला साठ दिवस. आणि बायकोचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, मुलाचाही. एकाची नोकरी गेली की चौघांचे दिवस मोजायला लागतात. नाताळमध्ये कर चौघांवर होता, इथे तारीख चौघांवर आहे. म्हणून अशा घरांतला माणूस बढती मागत नाही, साहेबाशी वाद घालत नाही, रात्री अकराची मीटिंगही घेतो. त्याचा पगार चांगला आहे, पण 'नाही' म्हणायची किंमत त्याच्यासाठी शेजारच्या अमेरिकन माणसापेक्षा कितीतरी जास्त आहे.

इथपर्यंत आपण दुसऱ्या देशांना नावं ठेवली. आता आरसा.

आपल्याकडे पुण्यात नोकरीच्या व्हिसावर आलेले परदेशी लोक आहेत. त्यांची नोकरी गेली तर? आपला नियम असा की भारतात असताना मालक बदलता येत नाही. एकाच उद्योगसमूहातल्या कंपन्यांमध्ये, तेही परवानगीने, बदल होऊ शकतो. एरवी बाहेर जा, नवा व्हिसा घेऊन या. म्हणजे साठ दिवसांवरून अमेरिकेला बोल लावताना आपणही हे आठवलेलं बरं.

आणि दुसरा आरसा याहून जवळचा. इथून पाच-दहा मिनिटांवर दगडखाणी आहेत. तिथे राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आणि परराज्यांतून आलेली माणसं दगड फोडतात, क्रशरवर राबतात. ती परदेशी नाहीत. भारताच्या संविधानाने त्यांना देशात कुठेही राहायचा आणि कुठलंही काम करायचा हक्क दिला आहे. खाणमालकाने काढलं तर वाघोली सोडून जा असं त्यांना कोणी म्हणू शकत नाही. हा मॉरिशसच्या माणसाला न मिळालेला हक्क आहे, आणि तो फार मोठा आहे.

पण झोपडी कुठे आहे? बहुतेकदा खाणीच्याच जागेत. पाणी, वीज, खाणीचं. काम गेलं की संध्याकाळी घर गेलं. रेशनकार्ड गावाकडचं, मुलाची शाळा अर्धवट. आपल्या राज्यातल्या ऊसतोडीत आणि वीटभट्टीत तर उचल असते, ती फिटेपर्यंत मुकादम बदलता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये काम थांबलं आणि याच नगर रस्त्याने माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली, ती आपण गॅलरीतून पाहिली. राहायचा हक्क होता त्यांना. राहायला जागा आणि पुढच्या कामापर्यंत तग धरायला चार दिवस नव्हते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, त्यात प्रवासभत्ताही लिहिलेला होता. किती जणांना मिळाला, ते त्या रस्त्याने सांगितलं.

म्हणून मी म्हणतो, हा विषय केवळ व्हिसाचा नाही. माणसाच्या कामाला आणि त्याच्या राहण्याला एकाच खिळ्यावर टांगलं की तो खिळा ज्याच्या हातात, त्याच्या हातात माणूस. दोनशे वर्षांत सुधारणा झाली ती प्रत्येक वेळी याच जागी झाली. कधी पास रद्द झाला, कधी कर गेला, कधी ना हरकत पत्र गेलं, कधी शून्याचे साठ झाले. आणि एकही गोष्ट आपोआप झाली नाही. ९,४०१ लोकांनी नावं दिली तेव्हा कमिशन आलं. खाणीतली माणसं हद्द ओलांडून चालली तेव्हा कर गेला. गोखल्यांनी तर स्वतः कधी गिरमिट केलं नव्हतं. पुण्यातल्या एका प्राध्यापकाने दूरच्या तमिळ मजुराचा हिशेब मांडायला आपलं आजारी शरीर झिजवलं.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांचं कोणी बाहेर आहे, त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरं नोकरी चालू असतानाच लिहून ठेवा. दिवस किती, परवानगी कोणाची, भाडं कोणाचं. करार, पगाराच्या पावत्या, पासपोर्ट आणि परवाना यांच्या प्रती घरी ठेवा. पासपोर्ट मालकाकडे देऊ नका म्हणावं. आणि नोकरी गेल्याचा फोन आला तर 'आता काय करणार?' असं आधी विचारू नका. आधी विचारा, शेवटच्या पगाराची तारीख कोणती. मोजणी तिथून सुरू होते.

आणि आज घरी जाताना खाणीच्या बाजूच्या वस्तीकडे एकदा बघा. तिथल्या माणसाचं काम उद्या सुटलं तर त्याला किती दिवस आहेत, हा प्रश्न आपण कोणीतरी विचारायला हवा. तो विचारायची या शहराला जुनी सवय आहे.